गार्गीचं दूध आणि माझं अर्धवट शास्त्र

डॉक्टरबाईंनी रिपोर्टचा कागद माझा पुढे आलेला हात ओलांडून माझ्या मुलीच्या हातात दिला. बाईंना माणसाची पारख आहे हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"हिला दुधाची अ‍ॅलर्जी आहे," त्या म्हणाल्या. "आयजीई मेडिएटेड. म्हणजे झटक्यात उसळणारी."

पल्लवी, माझी मुलगी, आकडे वाचत राहिली. तिच्या मांडीवर सात महिन्यांची गार्गी कागदाचं टोक तोंडात घालायच्या प्रयत्नात होती. मला शांतता फार वेळ सोसत नाही. मी विचारलं, "मग म्हशीचं देऊ का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हशीचं नाही, शेळीचं नाही, पावडरचं नाही. दही, ताक, लोणी, पनीर, काही नाही. मी तुपाचं विचारलं. तूपही नाही, त्यात दुधाचे कण राहतात. मग त्यांनी पल्लवीला विचारलं की दिवसभर मूल कुणाकडे असतं. पल्लवीने माझ्याकडे बोट दाखवलं. बाई माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

ज्यांच्या घरात असं मूल आहे आणि ते दिवसभर आजी-आजोबांच्या स्वाधीन आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आजोबांनी तर जरूर वाचावं. मूल सांभाळताना जेवढ्या चुका करता येतात त्यातल्या बहुतेक मी करून ठेवल्या आहेत, तुम्हाला पुन्हा करायची गरज नाही.

आम्ही मलकपेठेत राहतो. आमचे आजोबा धाराशिवकडे शेती करायचे, वडील निजामाच्या राज्यातच हैदराबादेला आले, आणि मी पस्तीस वर्षं अफझलगंजच्या बाजूच्या एका दुकानात साड्या विकल्या. पल्लवी आणि आमचे तेलुगू जावई दोघांची ऑफिसं शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा गार्गी आमच्याकडे. माझी बायको मंगल गुडघ्यांमुळे तिच्यामागे पळू शकत नाही, म्हणून पळायचं काम माझं. निवृत्त माणसाला कुणी कामाचा समजावं अशी ती एकच गोष्ट उरली होती. ती टिकणार की नाही, हा ह्या आजारातला माझ्यापुरता प्रश्न. गार्गीचा प्रश्न त्याहून सरळ होता. एका चमच्याने तिचा श्वास अडकू शकत होता.



सुरुवात उष्टावणाला झाली. आमच्यात पहिला घास मामा देतो. पल्लवीला भाऊ नाही, म्हणून मामाची जागा मी घेतली. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर, दूध चांगलं दाट आटवलेलं. मी दोन चमचे भरवले, फोटोसाठी तिसरा.

फोटोत गार्गीच्या गालावर लाल चट्टे दिसतात. आम्हाला ते फोटो बघतानाच दिसले. मंगल म्हणाली दृष्ट लागली. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, दोन तासांत चट्टे गेले, आणि सगळं श्रेय मोहऱ्यांना मिळालं.

आठवड्याने विहीणबाईंकडे पेरुगन्नम, म्हणजे त्यांचा दहीभात, भरवला गेला. पुन्हा चट्टे, शिवाय उलटी. आम्ही म्हटलं, त्यांचा तांदूळ मानवला नाही. त्या म्हणाल्या, मराठ्यांनी आधीच काहीतरी चुकीचं घातलं असेल पोटात. दोन्ही घरांनी एकमेकांच्या तांदळावर संशय घेतला. दुधावर कुणी घेतला नाही. दूध आमच्याकडे देवाला चालतं, आजाऱ्याला चालतं, मेलेल्याच्या नावानंही ठेवतात. ते लेकराला चालणार नाही असं कुणाच्या डोक्यात येणार?

तिसऱ्या वेळी ओठ सुजला तेव्हा पल्लवीने कुणालाच न विचारता अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

तपासणीच्या दिवशी वेटिंग रूममध्ये दोन तास गेले. भिंतीवर गाईचं हसरं चित्र होतं. लहान मुलांच्या दवाखान्यात असतंच, पण त्या दिवशी ते मला आगाऊपणाचं वाटलं. आधी स्किन प्रिक टेस्ट झाली. हातावर थेंब थेंब औषध ठेवून सुईने नुसतं टोचतात आणि पंधरा मिनिटं वाट बघतात. दुधाच्या थेंबाखाली डास चावल्यासारखी गांधी उठली, बाकीचे थेंब कोरडे गेले. मग रक्त घेतलं. स्पेसिफिक आयजीई, म्हणजे नेमक्या एका पदार्थाविरुद्ध शरीराने किती अँटिबॉडी बनवून ठेवल्या आहेत त्याचं मोजमाप. त्याच रक्तावर कंपोनंट टेस्टही झाली. दूध म्हणजे एक वस्तू नाही, त्यात वेगवेगळी प्रथिनं असतात, आणि त्यातलं कुठलं खटकतंय ते ही चाचणी सांगते.

मी तोपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून मोकळा झालो होतो की पोरीला दूध पचत नाही, माझ्या साडूलाही पचत नाही. बाईंनी तेही खोडून काढलं. साडूचा घोटाळा दुधातल्या साखरेचा, त्याचं पोट फुगतं आणि प्रकरण तिथे संपतं. गार्गीचा घोटाळा प्रथिनांचा आणि तो पोटापुरता राहत नाही. ह्या दोन गोष्टी एक समजू नका. मी समजलो होतो, आणि साडूने तिच्यासाठी त्याचं ते खास, ती साखर काढलेलं दूध दोन डबे आणूनही ठेवलं होतं.



आता शास्त्र. बाईंनी ते चित्र काढून सांगितलं. मला चित्र कळलं नाही, तेव्हा त्यांनी विचारलं की तुम्ही काय काम करत होतात. साड्या, म्हटलं. त्यांना हायसं वाटलं असावं.

प्रथिन म्हणजे एक लांब धागा. त्यावर अमिनो आम्लं मण्यांसारखी ठरलेल्या क्रमाने. काही प्रथिनांचा धागा घट्ट घडी घालून बसतो. दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं एक आहे, निवळीतलं, म्हणजे पनीर काढल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं, त्याची घडी अगदी ठरलेली. अँटिबॉडी म्हणजे आमच्या दुकानातला जुना सेल्समन. त्याला पूर्ण साडी ओळखायची गरज नसते. कपाटातल्या घडीची कड दिसली तरी तो सांगतो, ही अमुक गाठोड्यातली. अँटिबॉडीसुद्धा प्रथिनाचा छोटा तुकडाच ओळखते. त्या तुकड्याला एपिटोप म्हणतात.

हे तुकडे दोन तऱ्हेचे. घडी घातलेल्या साडीत पदराची कड आणि निरीचं टोक शेजारी शेजारी येतात. साडी उलगडली तर त्यांच्यात चार वार अंतर. जी अँटिबॉडी असा घडीमुळे जुळून आलेला तुकडा ओळखते, ती घडी मोडली की आंधळी होते. ह्याला कन्फॉर्मेशनल एपिटोप म्हणायचं. दुसऱ्या तऱ्हेत ओळख सलग विणलेल्या बुट्टीवर असते. साडी घडीत असो, उलगडलेली असो, चुरगळलेली असो, बुट्टी तीच. हा लिनियर एपिटोप.

उष्णता घडी मोडते. बुट्टी मोडत नाही.

दुधातलं केसीन नावाचं प्रथिन, ज्याचं दही लागतं आणि पनीर होतं, ते मुळातच सैल. त्याला ठरलेली घडी अशी नसतेच, ते गाठोड्यात कोंबलेल्या साडीसारखं. त्यामुळे त्याला उकळून फारसा फरक पडत नाही. म्हशीच्या आणि शेळीच्या केसिनावर जवळपास त्याच बुट्ट्या असतात, म्हणून माझा म्हशीचा प्रश्न बाद झाला होता.

आणखी एक. ह्या आयजीई अँटिबॉडी रक्तात नुसत्या फिरत नाहीत, मास्ट सेल नावाच्या पेशींच्या अंगावर चिकटून वाट बघतात. एकाच प्रथिनाची दोन ठिकाणं शेजारच्या दोन अँटिबॉडींनी एकदम पकडली की पेशीला इशारा जातो आणि ती आतला साठा बाहेर फेकते. हिस्टामीन आणि त्याचे भाऊबंद. त्यातूनच चट्टे, सूज, खोकला आणि वेळ वाईट असेल तर श्वास बंद. एकट्या अँटिबॉडीने पकडलं तर विशेष काही होत नाही. दोन सेल्समननी एकच साडी दोन टोकांनी ओढली की दुकानात तमाशा होतो, तसं.

गार्गीच्या रिपोर्टात घडीवाल्या प्रथिनांचे आकडे मोठे होते. केसिनाचा लहान होता, पण होता. बाईंनी त्या "पण होता"खाली पेनाने रेघ मारली. ती रेघ मी पाहिली आणि घरी येईपर्यंत विसरलो.

लक्षात राहिलं ते साडीचं. पुढची जवळजवळ तीन वर्षं मी मलकपेठेत दिसेल त्याला एपिटोप समजावत होतो. भाजीवाल्याला समजावला, बँकेतल्या कॅशियरला समजावला. मंगल म्हणायची, अहो, पोरीला दूध चालत नाही एवढं सांगितलं तरी लोकांना पुरतं. मला पुरत नव्हतं. दहावी नापास माणसाला एकदा शास्त्र कळलं की तो गप्प बसत नाही.



ती दोन-तीन वर्षं तशी बरी गेली. आम्ही वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचायला शिकलो. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट, सगळी दुधाचीच टोपणनावं. घरात एक डबा आला. त्यात अ‍ॅड्रेनलिनची भरलेली सिरिंज, मात्रा डॉक्टरांनी ठरवून दिलेली, काही महिन्यांनी बदलून घ्यायची. मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायची. नर्सने मोसंबीवर सराव करून घेतला. मी पहिल्याच फटक्यात जमवलं आणि नर्सला एपिटोप समजावायला लागलो.

गार्गी साडेतीन वर्षांची झाली तेव्हा घडीवाले आकडे उतरले होते. बाई म्हणाल्या, बेक्ड मिल्क चॅलेंज करून बघू. म्हणजे दूध घालून भट्टीत भाजलेला छोटा केक इस्पितळात, डॉक्टरांच्या नजरेखाली, कणाकणाने खाऊ घालायचा.

सकाळी आठला पोचलो. आधी वाटाण्याएवढा तुकडा, मग वीस मिनिटं थांबायचं. मग दुप्पट, पुन्हा थांबायचं. नर्स दर वेळी नाडी बघे, फ्रॉक वर करून पोटावरची त्वचा बघे. पल्लवी खुर्चीच्या कडेवर बसून होती. मी गार्गीला गोष्टी सांगत होतो आणि मध्येच माझ्या पिशवीतला चिवडा खात होतो, कारण वाट बघताना मला भूक लागते. दुपारी अख्खा केक पोटात गेला आणि काही झालं नाही. गार्गीने आणखी मागितला.

बाईंनी पल्लवीला कृती लिहून दिली. इतकं पीठ, इतकंच दूध, इतका वेळ भट्टी. रोज एक. बाकी दूध पूर्वीसारखंच बंद. बाहेरचा केक नाही, कच्चा राहिलेला नाही. मी म्हटलं, उष्णतेने घडी मोडली. बाई म्हणाल्या, "हो, पण तेवढंच नाही." त्या पुढे काहीतरी पिठाबद्दल सांगत होत्या. मी "हो" ऐकलं आणि ऐकणं थांबवलं.



त्याच हिवाळ्यात मंगलच्या भावाने धाराशिवकडच्या भूमहून खवा पाठवला. बसने आला, गौलीगुड्याच्या बसस्टँडवर जाऊन मी उतरवून घेतला. आमच्याकडचा खवा म्हणजे काय ते आमच्याकडच्यांनाच माहीत. मंगलने संध्याकाळी खव्याच्या पोळ्या केल्या, डबा वरच्या फळीवर ठेवला आणि मला बजावलं, पोरीच्या हाताला लागू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी ती गुडघ्यांच्या व्यायामाला गेली. घरात मी आणि गार्गी. मी डबा खाली काढला. गार्गी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हट्ट केला नाही. हट्ट केला असता तर मी नाही म्हणालो असतो.

मग माझं डोकं चाललं. केक अर्धा तास भाजतात, खवा तर दोन-दोन तास कढईत घोटतात. कुठली घडी राहणार? वर गव्हाची पारी, वर तव्याची आच. केकमध्ये तरी दुसरं काय होतं? दूध, गहू, विस्तव. मला तर वाटलं की ही आमची मराठवाडी पद्धत बाईंच्या केकपेक्षा जास्त शास्त्रीय आहे, पुढच्या वेळी त्यांना सांगायला हवी.

मी तिला पाव पोळी दिली. ती मन लावून खाल्ली तिने. मग आणखी एक तुकडा.

पाच-सात मिनिटांत ती ओठ खाजवायला लागली. मान लाल झाली. मला कळलं. कळलं नाही असं लिहिणं सोपं आहे, पण मला त्याच क्षणी कळलं.

सुईचा डबा समोरच्या कपाटात होता. मी तो काढला नाही. मी अ‍ॅलर्जीचं सिरप दिलं आणि घड्याळ बघत बसलो. मनात हिशेब असा होता की नुसते चट्टे आहेत, सिरपने उतरतील, मंगल यायच्या आत मान पुसून घेऊ, आणि पल्लवीला सांगायची वेळच येणार नाही. सुई टोचली की इस्पितळ आलं, इस्पितळ आलं की पल्लवी आली.

मग गार्गी खोकायला लागली. साधा खोकला नाही, घोगरा, कोरडा. "आबा" म्हणाली तर आवाज तिचा नव्हता.

खालच्या मजल्यावर खालिदा आपा राहतात, शिवणाचे क्लास घेतात. खोकला ऐकून त्या वर आल्या. त्यांना डब्याचं माहीत होतं, पल्लवीने जिन्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी पोरीला बघितलं, मला बघितलं.

"भाईसाब, सुई कां है?"

मी कपाटाकडे हात केला आणि म्हटलं, डॉक्टरला एकदा फोन करून विचारतो.

"पूछते बैठे तो बच्ची जाती," त्या म्हणाल्या. त्यांनी डबा काढून माझ्या हातात ठेवला, गार्गीला आडवं केलं आणि तिचे गुडघे धरले. "लगाओ."

मी लावली. मोसंबीवर जमलं होतं तसंच जमलं, फक्त मोसंबी रडली नव्हती. दहापर्यंत मोजून सुई काढली. आपांनी खाली रिक्षा थांबवली, पोरीला मांडीवर आडवं घेतलं आणि रिक्षावाल्याला दखनीत असं काही सुनावलं की त्याने एकही सिग्नल पाहिला नाही. अर्ध्या रस्त्यात खोकला मोकळा झाला. गार्गी थरथरत होती, छाती धडधडत होती, ते औषधाचं असतं असं नंतर कळलं.

इस्पितळात ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, केकसारखं काहीतरी.

हेही लिहितो. ऑक्सिजनची नळी लावलेल्या नातीशेजारी उभं राहून मी डॉक्टरला खोटं सांगितलं.

सलाइन, वाफ, दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब. त्यांनी दिवसभर ठेवून घेतलं, कारण उतरलेली अ‍ॅलर्जी काही तासांनी पुन्हा चढू शकते. पल्लवी आली. गार्गीला तोवर हुशारी वाटत होती. आईला तिने पहिली बातमी दिली ती अशी, "आबांनी गोड पोळी दिली. पांढरी."

पल्लवी मला बाहेरच्या बाकावर घेऊन गेली. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने विचारलं किती मिनिटांनी टोचलं. मी सांगितलं.

"पोळी दिलीत ते एक राहू दे, बाबा. सिरप देऊन तुम्ही वाट बघितलीत. कशाची?"

आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असे. ह्याला एकच होतं, ते दिलं. "तुला कळू नये म्हणून."

ती बाकावरून उठली. मग म्हणाली, "उद्यापासून ती पाळणाघरात जाईल." आणि आत गेली.



नंतर बाईंनी मला एकट्याला बोलावलं. मला वाटलं रागावणार. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी हिशोब समजावला. ह्या वेळी मी शेवटपर्यंत ऐकलं.

केकमध्ये दूध थोडं आणि पीठ भरपूर. भट्टीत पिठाचं आणि दुधाचं एकमेकांत जाळं होतं, दुधाची प्रथिनं त्यात अडकतात, अँटिबॉडीच्या हाताला लागत नाहीत. नुसती घडी मोडण्याचा तो खेळ नव्हता. खव्याच्या पोळीत पीठ बाहेर आणि दूध आत, जाळं होणार कुठून? कढईत पाणी उडतं, प्रथिन उडत नाही. एवढ्याशा तुकड्यात मी तिला वाटीभर दुधाचं केसीन दिलं होतं. त्याच्या बुट्ट्या विस्तवाने मोडत नाहीत. तिच्या अंगात केसिनाच्या अँटिबॉडी थोड्याच होत्या. थोडा माल आला तर त्या गप्प बसतात, ढीग टाकला की जागोजाग जोड्या जुळतात.

"तुम्हाला अर्धं बरोबर कळलं होतं," त्या म्हणाल्या. "काहीच कळलं नसतं तर तुम्ही तिला पोळी दिली नसती."

हे त्यांनी सहज म्हटलं. मी ते घरी घेऊन आलो आणि त्यानंतर मलकपेठेत कुणाला एपिटोप समजावला नाही.

पाच महिने गार्गी दिवसभरासाठी आमच्याकडे आली नाही. रविवारी यायची, आईच्या हाताला धरून, तासभर. केकही बंद झाला होता, पुन्हा चाचण्या होईपर्यंत. सकाळी नऊ वाजता मी गॅलरीत उभा राहायचो आणि मग आठवायचं की कुणी येणार नाही. मंगल पहिले पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. खवा तिने दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकला होता.

मी पल्लवीकडे माफी मागितली नाही. मागितली असती तर माफ करायचं काम तिच्यावर टाकल्यासारखं झालं असतं. मी नर्सकडे गेलो आणि म्हटलं, मला पुन्हा शिकवा, जसं काही येतच नाही. ह्या वेळी सुई कशी टोचायची ते दहा मिनिटांत झालं, केव्हा टोचायची त्यावर तिने तास घेतला. तुमच्यासाठी तेवढं लिहून ठेवतो. चट्ट्यांबरोबर खोकला, आवाजात फरक, पुन्हा पुन्हा उलट्या किंवा मूल मलूल होणं, ह्यातलं काही दिसलं की आधी सुई. सिरप खाजेसाठी आहे, श्वासासाठी नाही. मुलाला आडवं ठेवायचं, कडेवर घेऊन पळायचं नाही. श्वासाला फारच त्रास असेल तर बसू द्यायचं, पण उभं करायचं नाही. सुईने बरं वाटलं तरी इस्पितळात जायचंच. आणि टोचायला कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्या मुलापुरतं हे लिहून घ्या आणि कपाटावर चिकटवा.

उन्हाळ्यात पाळणाघर बंद झालं. पल्लवीपुढे दुसरा इलाज नव्हता, ह्याची मला पूर्ण कल्पना होती. सोमवारी ती गार्गीला सोडायला आली. डबा, सिरप, कागद, सगळं मंगलच्या हातात दिलं. मला म्हणाली, "आजचा दिवस बघू."

मी सकाळभर काही केलं नाही. खरोखर काही नाही. गोष्ट सांगितली, चित्रं काढली. साडेअकराला तिला सफरचंद कापून दिलं. दोन फोडी तिने खाल्ल्या, तिसरी हातात, आणि मला टेबलावरची माझी ताटली दिसली. सकाळी मी त्याच सुरीने ब्रेडला लोणी लावलं होतं. सुरी पुसली होती, धुतली नव्हती.

मी तिच्या हातातली फोड काढून घेतली, तोंड पुसलं, चूळ भरवली. डबा उघडून सिरिंज हातात घेतली. मंगलला हाक मारली. आणि दुसऱ्या हाताने पल्लवीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये असते तेव्हा फोन उचलत नाही. उचलला.

मी सांगितलं. लोणी, सुरी, दोन फोडी, अकरा चौतीस. अजून काही झालेलं नाही.

"सुई कुठे आहे?"

"हातात."

"आई?"

"समोर आहे. मला बोलतेय."

"तिला बोलू दे. फोन ठेवू नका."

फोन टेबलावर चालू राहिला. पलीकडून तिच्या ऑफिसातली माणसं कसल्यातरी सॉफ्टवेअरबद्दल बोलताना ऐकू येत होती. गार्गीने त्यांना दोनदा हॅलो म्हटलं. मी तिची मान बघितली, ओठ बघितले, तिला मोठ्याने आकडे म्हणायला लावले म्हणजे आवाज कळेल. एकपासून पंधरापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. खालिदा आपा येऊन दारात उभ्या राहिल्या आणि काही न विचारता खुर्ची ओढून बसल्या. पाऊण तास गेला, तासही गेला. काही झालं नाही.

पल्लवी म्हणाली, आता भात द्या तिला, आणि सुरी फेकून द्या. मी म्हटलं, फेकली. संध्याकाळी सहा वाजता ती घ्यायला आली तेव्हा मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, लोणी किती होतं तेही. ती ऐकत गार्गीच्या चपला घालत होती. त्या दोघी जिना उतरल्या, मी वर उभा राहिलो.

खालच्या वळणावरून तिचा आवाज आला.

"बाबा, उद्या नऊला आणते."